चिनी मजुरांवरची बंदी: पोटाचा प्रश्न की वर्णद्वेष?

डोंगरवाट
अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशबंदी केली. कामगारांच्या पोटावर पाय येत होता म्हणून हे घडलं, असं अजूनही सांगतात. मला ते अजिबात पटत नाही. १८७७ पासून सॅन फ्रान्सिस्कोत कामगार पुढारी डेनिस कर्नी 'चिन्यांना हाकला' म्हणत सभा गाजवत होता. हा कर्नी स्वतः आयर्लंडहून आलेला. दोनच वर्षांत कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत, कंपन्यांनी चिनी माणूस कामाला ठेवू नये, असं कलम घुसलं. भूक खरी होती, पण पुढाऱ्यांनी ती मतांसाठी वापरली.

गिरणगावकर
सगळं पुढाऱ्यांवर ढकलू नका. १८७५ मध्ये वायोमिंगच्या रॉक स्प्रिंग्जमध्ये कोळसा खाणीत संप झाला, तेव्हा युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने चिनी मजूर आणून तो मोडला. माझे आजोबा गिरणीत होते. संपात बाहेरची माणसं आत घेतली की घरात काय होतं, ते मी लहानपणापासून ऐकलंय. आणि १८८२ च्या कायद्यात व्यापारी, विद्यार्थी यांना मुभा होती. बंदी मजुरांवर होती, म्हणजे प्रश्न मजुरीचाच होता.

डोंगरवाट
त्याच कायद्याने कुठल्याही चिनी माणसाला नागरिकत्व द्यायचं नाही, असंही ठरवलं. व्यापाऱ्यालासुद्धा नाही. त्यात मजुरी कुठे आली? आणि रॉक स्प्रिंग्जची गोष्ट अर्धी सांगू नका. २ सप्टेंबर १८८५ ला तिथे गोऱ्या खाणकामगारांच्या हातून २८ चिनी मारले गेले, घरं पेटवली, उरलेले माळावर पळाले. एकावरही खटला उभा राहिला नाही. संप मोडला कंपनीने, मेले मजूर.

सह्यकडा
'चिनी मिळेल त्या पैशात राबतो' हा समजच खोटा आहे. जून १८६७, सिएरा नेवाडाचे डोंगर, सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचं काम. हजारो चिनी मजुरांनी हत्यारं खाली ठेवली आणि शांतपणे तळावर बसून राहिले. मागणी काय, तर महिना ४० डॉलर आणि बोगद्यात दिवसाला ८ तास. गोऱ्यांना पगारावर जेवण मिळायचं, यांचा शिधा यांच्याच पैशाने. रेल्वेच्या बांधकामाचा प्रमुख चार्ल्स क्रॉकर याने तो शिधाच वर जाऊ दिला नाही. आठवड्याभरात माणसं कामावर परतली. अशा माणसांना संघटनेत घ्यायचं सोडून सॅम्युअल गॉम्पर्ससारखा कामगार नेता बंदी वाढवा म्हणत राहिला. तोही लंडनहून आलेला!

गिरणगावकर
संप केला हे मान्य, मला ते माहीत नव्हतं. पण त्यांचा पगार टोळीच्या मुकादमाच्या हातात पडायचा. आपल्या ऊसतोडीच्या टोळ्या बघा. मुकादम मध्ये असला की मजुरापर्यंत संघटना पोचतच नाही. तो अडसर होताच.

सह्यकडा
मग मुकादमाविरुद्ध लढायचं होतं. ४ सप्टेंबर १९०७ ला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बेलिंगहॅम गावातल्या लाकूड गिरण्यांतून पंजाबी मजुरांना जमावाने मारून हुसकावलं. त्याच किनाऱ्यावरच्या पंजाबी मजुरांमध्ये पुढे इंग्रज राजवटीविरुद्धची गदर पार्टी उभी राहिली, आणि आपले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे त्यांच्यातच काम करत होते. विदर्भातल्या माणसाला पंजाबी मजुरांपर्यंत पोचता आलं, शेजारच्या गोऱ्या कामगाराला का नाही?

गिरणगावकर
याला माझ्याकडे आज उत्तर नाही. १८७५ चा संप मात्र मी मागे घेत नाही.