मदत हवी आहे: अनाम समीक्षेच्या निबंधात स्वतःच्याच आधीच्या कामाचा संदर्भ कसा द्यावा?

नमस्कार. मी मुंबईत पावसाचे पाणी तुंबण्याच्या अंदाजावर पीएच.डी. करत आहे. माझा दुसरा शोधनिबंध ज्या नियतकालिकाकडे पाठवायचा आहे, तिथे डबल ब्लाइंड पद्धत आहे. म्हणजे लेखक आणि समीक्षक दोघांनाही एकमेकांची नावे कळू द्यायची नसतात. अडचण अशी की हा निबंध पहिल्या, प्रसिद्ध झालेल्या निबंधावरच उभा आहे. हिंदमाता परिसरातील पाणीपातळीच्या नोंदी आणि त्यांवरून बांधलेले अंदाजाचे प्रारूप (मॉडेल), दोन्ही त्या पहिल्या निबंधातलेच आहे.

लेखकांची नावे, आभार, निधीचा प्रकल्प क्रमांक आणि पीडीएफच्या गुणधर्मांत आपोआप उमटणारे नाव मी काढले आहे. प्रश्न मजकुराचा आहे. ‘आमच्या आधीच्या अभ्यासात’ असे लिहिले तर ओळख उघड होते. संदर्भाच्या जागी ‘नाव गाळले आहे’ असे लिहिले, तर प्रारूप मुळात कसे तपासले आणि या निबंधात नवे किती, हे समीक्षकाला ठरवताच येणार नाही. संदर्भच न देणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. शहराचे नाव गाळावे असे मार्गदर्शकांनी सुचवले, पण हिंदमाताचा बशीसारखा सखल भाग आणि भरतीच्या वेळी समुद्राकडे न ओसरणारे पाणी यांविना निष्कर्षांना अर्थ उरत नाही. शिवाय २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस तुलनेला घेतला की शहर कुणीही ओळखेल. अशा वेळी आपण काय करता?

प्रतिसाद: शहराचे नाव ठेवा. समीक्षकाला अंदाज बांधता येऊ नये इतकी खबरदारी कुणाकडूनच अपेक्षित नसते; मजकुराने स्वतःहून ओळख सांगू नये, एवढेच पाहायचे. आधीच्या निबंधाचा संदर्भ पूर्ण द्या, मात्र तृतीय पुरुषात, जसा परक्याच्या कामाचा द्याल तसा. इथे एक काळजी घ्यावी: ‘या नोंदी त्यांच्याकडून मिळाल्या’ हे वाक्य खोटे ठरेल, ‘त्या निबंधातील नोंदी येथे वापरल्या आहेत’ हे खरेच राहते.

धागाकर्ता: मनापासून आभार, हा फरक माझ्या लक्षातच आला नव्हता. पण काही नोंदी अजून अप्रकाशित आहेत, त्यांचे काय?

प्रतिसाद: त्या नावे काढून पूरक साहित्यात जोडा आणि त्यांचा आधीच्या निबंधाशी असलेला संबंध संपादकांना स्वतंत्र पत्राने कळवा, ते पत्र समीक्षकांकडे जाऊ नये, असे त्यातच स्पष्ट लिहा.