मदत हवी आहे: नोकरीत शिकलेल्या कामावर स्वतःचा धंदा?

नमस्कार मंडळी. गोव्यात वेर्ण्याला एका कंपनीच्या गोदामात कामाला आहे. रजिस्टर जाऊन बारकोड आणि ईआरपी (कंपनीचा साठा-हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) आलं, तेव्हा वैताग आला होता. आता हात बसलाय. त्यातूनच खूळ शिरलंय: म्हापसा-फोंड्यातल्या दुकानदारांचा स्टॉक आणि बिलिंग सांभाळून द्यायचं. (पैसे सगळे यूपीआयवर घेतात, हिशेब मात्र अजून वहीत!)

उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आणि फुकट होते. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, एवढं ठाऊक आहे. अडलंय नेमणूकपत्रावर. त्यात ‘इतर व्यवसाय करू नये’ असं कलम आहे. बायकोच्या नावाने सुरू केलं तर चालेल, की तीही पळवाटच ठरेल? शिवाय छोट्या दुकानाकडून महिन्याला किती मागावेत? गोव्यात कुणी असं काम करत असेल तर कृपया सांगा.