रंगवून विकू नका, आहे तसा दाखवा
दादा, जुन्या गाडीचा फेंडर (चाकावरचा पत्रा) रंगवून विकला की भाव जास्त येतो, हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही. ताज्या रंगाखाली पुट्टी (पोचे भरायचा लेप) किती थापलीय, ही शंका जुन्या गाड्यांच्या शौकीन माणसाला आधी येते. तो खिशात लोहचुंबक घेऊनच येतो. जाड पुट्टीवर ते चिकटलं नाही की भाव पडलाच म्हणून समजा. गंज, पोचे दिसतील असे उन्हातले फोटो द्या, आतल्या बाजूचेही. आणि नुसतं 'मारुती ८००चं बॉनेट' लिहून भागत नाही. १९८६ साली बॉडीच बदलली, आधीचं बॉनेट नंतरच्या गाडीला बसत नाही. साल लिहाच. जालन्याहून लातूरला दरवाजा ट्रॅव्हल्सच्या डिकीतून जाईल हो, पण काच वाटेत फुटेल, ती न्यायला घेणाऱ्यालाच बोलवा.