मदत हवी आहे: एम्युलेटरमध्ये टायमर इंटरप्ट मध्येच कायमचा बंद पडतो

उलटा_स्टॅक:

सी भाषेत ३८६ प्रोसेसरचा एम्युलेटर (त्याची सॉफ्टवेअर नक्कल) लिहितोय, एकेक इन्स्ट्रक्शन वाचून चालवणारा साधा इंटरप्रीटर. जोडीला दोन ८२५९ पिक (इंटरप्ट, म्हणजे डिव्हाइसची हाक, सीपीयूला पोचवणाऱ्या चिप) आणि एक ८२५४ पीआयटी (टायमर चिप). गेस्ट (एम्युलेटरच्या आत चालणारी प्रणाली) म्हणजे प्रोटेक्टेड मोडमधला छोटा कर्नल, पेजिंग चालू, टायमर १०० हर्ट्झवर (भाजक ११९३२), पहिल्या पिकचे व्हेक्टर (कोणता हँडलर, म्हणजे इंटरप्ट हाताळणारा कोड, चालवायचा ते सांगणारे क्रमांक) हेक्स २० पासून.

पीआयटीला वेगळा थ्रेड आहे. वेळ झाली की तो पिकची लाइन ० वर करतो, लगेच पिककडून व्हेक्टर घेतो आणि 'प्रलंबित' नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवतो. मुख्य लूप दर इन्स्ट्रक्शननंतर तिथे बघतो आणि आयएफ (सीपीयूने इंटरप्ट घ्यायचे की नाही हे सांगणारा फ्लॅग) १ असेल तर इंटरप्ट देतो. पेज फॉल्टसारखी एक्सेप्शन्सही (इन्स्ट्रक्शन चालवताना सीपीयूलाच आलेल्या अडचणी) याच व्हेरिएबलमधून जातात.

बूट नीट होतं, टिक येत राहतात आणि मग अचानक थांबतात. कधी काही सेकंदांत, कधी बऱ्याच वेळाने. गेस्टमध्ये मेमरी खाणारा प्रोग्राम चालवला की लवकर. थांबल्यावर पिकचा डंप असा:

आयआरआर (आलेल्या विनंत्या) ०१, आयएसआर (हाताळणी चालू असलेल्या) ०१, आयएमआर (बंद ठेवलेल्या लाइन) एफसी

आयएफ १ आहे, सीपीयू एचएलटीवर (इंटरप्ट येईपर्यंत थांबवणारी इन्स्ट्रक्शन) बसलेला. कुठे शोधू?

हेक्सवाला:

आधी एक सांगा, टायमर थांबल्यावर कीबोर्ड चालतो का? कीबोर्ड चालत असेल आणि फक्त टायमर मेला असेल, तर पीआयटीची लाइन खाली येतच नाहीये आणि पिकला नवी एज (लाइन खालून वर जाणं) दिसत नाहीये. दोन्ही मेले असतील तर भानगड वेगळी.

उलटा_स्टॅक:

कीबोर्डही मरतो. की दाबली की आयआरआर ०३ होतो, पुढे काही नाही.

हेक्सवाला:

मग डंपमध्येच उत्तर आहे. आयएसआरचा बिट ० लागलेला, म्हणजे पिकच्या मते टायमरचा हँडलर अजून चालू आहे. लाइन ० सर्वांत वरच्या प्राधान्याची, त्यामुळे तिचा ईओआय (हाताळणी संपल्याचा संदेश) येईपर्यंत पिक कोणालाच पुढे सोडत नाही. प्रश्न एवढाच की ईओआय का आला नाही.

ईओआय ओळखण्यात चूक असती तर पहिल्याच टिकला सगळं थांबलं असतं. (तरी तपासून ठेवा: पोर्ट हेक्स २० वर फक्त हेक्स २० ही किंमत ईओआय नसते. लिनक्स हेक्स ६० अधिक लाइनचा क्रमांक असा स्पेसिफिक ईओआय पाठवतो. पोर्टवर आलेल्या किमतीत बिट ४ लागलेला असेल तर आयसीडब्ल्यू१ (सुरुवातीची मांडणी), नाहीतर बिट ३ लागलेला असेल तर ओसीडब्ल्यू३, उरलेलं ओसीडब्ल्यू२ (ईओआय यातच येतो), असं सोडवा.) तुमच्याकडे बराच वेळ नीट चालतं, म्हणजे हँडलर एखाद्या वेळी चाललाच नाही. थ्रेडने पिककडून व्हेक्टर घेतला, आयएसआर लागला, आयएफ ० असल्यामुळे व्हेक्टर 'प्रलंबित'मध्ये पडून राहिला. तेवढ्यात पेज फॉल्ट आला आणि त्याने तिथे आपला व्हेक्टर १४ लिहिला. व्हेक्टर गेला, हँडलर चालला नाही, ईओआय कोण देणार? मेमरीचा ताण वाढला की लवकर थांबतं ते यामुळेच.

डिव्हाइसने लाइन वर करणं आणि सीपीयूने इंटरप्ट पत्करणं ही दोन वेगळी कामं आहेत. डिव्हाइसने फक्त आयआरआर लावायचा. पिकने त्यावरून सीपीयूकडे जाणारी आपली आयएनटी लाइन ठरवायची, तीही दर वेळी नव्याने. व्हेक्टर घ्यायचा तो सीपीयूने, इन्स्ट्रक्शन संपल्यावर, आयएफ १ असताना आणि आता खरंच उडी मारायची हे ठरल्यावर. आयएसआर तेव्हाच लागतो. व्हेक्टर साठवून ठेवणारं व्हेरिएबल मुळात असूच नये. एक्सेप्शनचा मार्ग पूर्ण वेगळा ठेवा. तिथे एरर कोडही असतो (८ आणि १० ते १४), बाहेरून आलेल्या इंटरप्टला तो कधीच नसतो.

पिकचं व्हेक्टर देणारं फंक्शन काही प्रलंबित नसताना उणे एक परत करत असेल तर तेही बदला. दरम्यान लाइन खाली आली तर खरा ८२५९ लाइन ७ चा व्हेक्टर देतो आणि आयएसआर लावत नाही. गेस्टचे हँडलर हे गृहीत धरून लिहिलेले असतात.

तिसरा_थ्रेड:

माझं मत, पीआयटीचा थ्रेडच काढून टाका. लॉक लावून चालेल, पण तोच बग दोनदा सारखा दिसणार नाही आणि डीबग करताना जीव जाईल. इन्स्ट्रक्शन मोजून आभासी वेळ ठेवा. सेकंदाला २ कोटी इन्स्ट्रक्शन धरलीत तर १०० हर्ट्झची एक टिक म्हणजे २ लाख. पुढच्या घटनेपर्यंतचा उलटा काउंटर ठेवा आणि तो शून्य झाला की डिव्हाइस बघा. मात्र आयएफ बदलू शकणाऱ्या एसटीआय, पॉपएफ, आयरेट या इन्स्ट्रक्शन आणि पिकवर केलेलं कोणतंही आउट (पोर्टवर लिहिणं) यांनंतर काउंटर जबरदस्तीने शून्य करा. नाहीतर आयएफ लागूनही इंटरप्ट ताटकळत राहतो.

उलटा_स्टॅक:

व्हेक्टर घेणं मुख्य लूपमध्ये हलवलं, थ्रेडही काढला. आता टिक थांबत नाहीत, धन्यवाद. एक राहिलं: गेस्ट रिकामा असताना की दाबली की प्रतिसाद अधूनमधून एक टिक उशिरा येतो.

हेक्सवाला:

कर्नलचा रिकामा लूप बहुधा असा असेल: सीएलआय (आयएफ ०), काम आहे का बघ, नसेल तर एसटीआय (आयएफ १), एचएलटी. आयएफ ० वरून १ झाला की एसटीआयनंतरची एक इन्स्ट्रक्शन पूर्ण होईपर्यंत इंटरप्ट घ्यायचा नसतो. तुम्ही एसटीआय आणि एचएलटीच्या मध्ये घेताय. हँडलर काम रांगेत टाकतो, परत येतो आणि सीपीयू एचएलटीवर झोपतो. १०० हर्ट्झला १० मिलिसेकंद उशीर होतो, गेस्ट वन-शॉट (एकदाच वाजणारा) टायमर वापरत असेल तर कायमचा हँग.

एक फ्लॅग ठेवा. एसटीआय चालताना आधीचा आयएफ ० असेल तरच लावा, पुढची इन्स्ट्रक्शन झाली की उतरवा. मूव्ह एसएस आणि पॉप एसएसलाही (स्टॅकचा सेगमेंट बदलणाऱ्या इन्स्ट्रक्शन) हाच नियम, तिथे मात्र आयएफ आधी काय होता हे बघायचं नाही. एचएलटीतून उठताना स्टॅकवर जाणारा ईआयपी (परत यायचा पत्ता) एचएलटीच्या पुढचा हवा. आरईपी असलेल्या मूव्हएसमध्ये (मेमरी फेऱ्या-फेऱ्यांनी कॉपी करणारी इन्स्ट्रक्शन) उलट: दोन फेऱ्यांच्या मध्ये इंटरप्ट घ्या, ईसीएक्स, ईएसआय, ईडीआय हे रजिस्टर पुढे सरकलेले ठेवा आणि ईआयपी इन्स्ट्रक्शनच्या पहिल्या प्रीफिक्सवर न्या.

तिसरा_थ्रेड:

पुढे डिस्क जोडाल तेव्हा लाइन १४ वर अडकाल, म्हणून आत्ताच सांगतो. दुसऱ्या पिकची आयएनटी पहिल्याच्या लाइन २ ला जाते आणि पहिला पिक फक्त एज ओळखतो. दुसऱ्या पिककडे एक इंटरप्ट पत्करला जात असताना आणखी एक प्रलंबित असेल आणि तुम्ही आयएनटी वरच ठेवलीत, तर पहिल्याला नवी एज मिळत नाही आणि ८ ते १५ सगळ्या लाइन गप्प होतात. व्हेक्टर देताना आयएनटी खाली आणा, मग दुसऱ्या पिकची स्थिती नव्याने मोजून गरज असेल तर परत वर करा. क्रमही महत्त्वाचा: पहिल्याने २ सांगितला की मगच दुसऱ्याला विचारा. दोघांचेही आयएसआर लागतात, त्यामुळे गेस्टकडून ईओआय दोन यायला हवेत.