‘डावा असशील तर…’ : डावखुरा की डावरा?

माहुलीकर : साताऱ्यात पोरांना लाठी-पट्टा शिकवतो. त्यांच्यासाठी जुन्या जर्मन तलवारबाजीतला, लिख्टेनाउअर या उस्तादाच्या परंपरेतला एक उपदेश मराठीत आणतोय. मतलब असा, की उजवा असशील तर वरचा घाव डावीकडून सुरू करू नकोस. डावा असशील तर उजवीकडून लंगडा पडशील. ‘डावा असशील तर’ वाचून पोरं विचारतात, सर, कुठल्या पक्षाचा? ‘डावखुरा’ लिहिलं तर क्रिकेटची कॉमेंट्री वाटते. आजी ‘डावरा’ म्हणायची, पण बायकोच्या मते ती शिवी.

मिरजवाली : शिवी कसली! आमची आत्या डावरीच. भाकरी थापायला बसली की परातीत भाकरी उलटीकडून फिरायची. जेवताना डावा हात ताटाकडे गेला की मात्र आजीचं उलथनं बसायचं.

खिलारी : डावखुरा हा बैलाचा शब्द. खूर आहे की त्यात! डाव्या अंगाला शिकवलेला बैल उजवीकडं जुंपून बघा, नांगराचं तास सोडून चालतोय.

विटेकर : बैलाला ‘डाव्या अंगाचा’ म्हणतात दादा. डावखुरा बैल मी तरी बाजारात ऐकला नाही. खुराची व्युत्पत्ती गोड आहे, एवढंच.

शुद्धमती : सव्यसाची हा नेमका शब्द असताना ही धडपड कशाला?

माहुलीकर : ताई, अर्जुन दोन्ही हातांनी बाण मारायचा. माझा गडी एकाच हाताचा.

मिरजवाली : शिवाय संस्कृतात सव्य म्हणजे डावा. श्राद्धाला गुरुजी ‘सव्य करा’ म्हणतात तेव्हा जानवं डाव्याच खांद्यावर येतं, तरी निम्मं गाव सव्य म्हणजे उजवं समजतं.

फरीवाला : शब्द राहू द्या, डावऱ्याशी खेळलाय का कुणी? फरी-गदक्यात, म्हणजे ढाल-काठीच्या खेळात, एरवी त्याच्या गदक्यासमोर माझी फरी असते. डावरा आला की गदक्यासमोर गदका, फरीसमोर फरी. पहिला टोला थेट माझ्या उजव्या मनगटावर. कोपरापर्यंत मुंग्या! फरी दुसऱ्याच बाजूला, नुसती शोभेला. गंमत म्हणजे दोन डावरे समोरासमोर आले की तेही गडबडतात, कारण दोघांचाही सराव उजव्यांशी. आमच्या वस्तादांनी एका चांगल्या डावऱ्या पोराचा हात बदलायला लावला. पोरगं आखाडाच सोडून गेलं.

शुद्धमती : वाईट झालं. पण ‘डावलणे’ही डाव्यावरूनच ना?

विटेकर : झालं, आता डावपेचही डाव्या हाताचे ठरवा!

खिलारी : ठरवा की. प्रतापगडावर महाराजांची वाघनखं डाव्याच हातात होती.

विटेकर : म्हणून महाराज डावखुरे होत नाहीत. उजव्या हातात बिचवा होता.

खिलारी : मी कुठं तसं म्हणालो? 2024 ला लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा तासभर काचेपुढं उभा होतो. अंगठ्या कुठल्या बोटांच्या, तेच बघत होतो.

माहुलीकर : मंडळी, छपाई शुक्रवारी आहे. डावरा लिहू का?

विटेकर : मग, कुठल्या बोटांच्या होत्या?