कॉन्व्हेंटमधली प्रार्थना: तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती
लेक या जूनपासून पहिलीत, सिस्टरांच्या शाळेत. परवा संध्याकाळी सासूबाईंनी देवापाशी दिवा लावला, ही बाजूला उभी, हात जोडून शुभंकरोती म्हटलं अख्खं, आणि शेवटी आमेन म्हणून कपाळ, छाती, खांदे असा क्रॉस करून खेळायला पळाली. मी सासूबाईंकडे बघतेय, आता काय ऐकावं लागतंय. तर त्या म्हणे, "डावा खांदा आधी की उजवा गं?"
(डावा. मी दुसऱ्या दिवशी विचारून घेतलं.)
मी मराठी मीडियमची, मला या शाळांमधलं काहीच माहीत नाही. जे शिकलेत, शिकवलंय, ज्यांची मुलं जातायत त्यांनी लिहा. धर्मांतर वगैरे वाद घालायला दुसरे शंभर धागे आहेत, इथे प्लीज नको.

दादर पश्चिम
आम्हाला आवर फादर पाठ होता पण अर्थ कुणी सांगितलाच नव्हता, मग आम्हीच लावला. 'डेली ब्रेड' म्हणजे सकाळी सायकलवरून येतो तो पाववाला, हे नक्की. 'ट्रेसपासेस' (खरं तर अपराध) शब्द मी फक्त स्टेशनच्या भिंतीवर बघितला होता, ट्रेसपासर्स विल बी प्रॉसिक्यूटेड. त्यामुळे चौथीपर्यंत माझी पक्की समजूत होती की रोज सकाळी अख्खी शाळा रूळ ओलांडणाऱ्यांसाठी माफी मागते. माझे बाबा पूल न चढता रूळ ओलांडायचे, म्हणून मी ती ओळ जरा जोरात म्हणायचो.

टिकली
सगळं गोड गोड नव्हतं हं. माझ्या शाळेत (नाव लिहीत नाही) टिकली चालायची नाही, राखीला मेंदी काढली तर हात पुढे करून छडी. प्रार्थनेच्या आधी मॉनिटर रांगेतून कपाळं बघत फिरायची. आई घरून लावून पाठवायची, मी गेटवर काढून कंपासच्या झाकणाला आतून चिकटवायचे, सुटल्यावर परत कपाळावर. बऱ्याच तिथेच राहायच्या, डिंक गेलेल्या. तिसरीच्या शेवटी अकरा होत्या. आईला कधीच सांगितलं नाही कारण ती शाळेत येऊन भांडली असती आणि मला तेच नको होतं. तरी सांगते, दुपारी बाराच्या घंटेला सगळे जिथल्या तिथे थांबायचे, बाई खडू हातात धरून तशाच उभ्या, मागे पंख्याची करकर, ते मला आवडायचं. दोन्ही खरं आहे.

गोराईचा
मी आतल्या बाजूचा, ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईकडचे मूळचे कॅथलिक), घरात मराठीच. तुम्ही लोक मोरल सायन्सच्या तासाला गोष्टी ऐकायचात तेव्हा आम्हाला वेगळ्या वर्गात नेऊन कॅटेकिझम, म्हणजे धर्माची प्रश्नोत्तरं, घोकायला लावायचे, आणि परीक्षा असायची त्याची! फर्स्ट कम्युनियनच्या, म्हणजे चर्चमधल्या पहिल्या प्रसादाच्या आधी पहिलं कन्फेशन असतं, फादरला आपली पापं सांगायची. आठ वर्षांच्या पोराकडे पापं असून असून किती असणार, रांगेत उभं राहून आम्ही वाटून घ्यायचो, तू खोटं बोललो सांग, मी भावाला मारलं सांगतो. माझ्या पुढच्या दोघांनी माझंच पाप सांगून टाकलं, मला आत गेल्यावर काही सुचेना, मी म्हटलं फादर, मी शुक्रवारी बोंबील खाल्ला. फादर हसले, म्हणाले अरे मासे चालतात, लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासात, मटण नको.

माहीमवाली
आम्ही कोकणी मुसलमान. अम्मीने पहिल्या दिवशी बजावलं होतं, उभी राहा, गप्प राहा, क्रॉस करू नकोस. मी तसंच करायचे, कुणी कधी टोकलं नाही. पण हेल मेरी मला पाठ झालीच, एकदा घरी भांडी पुसताना तोंडातून निघाली. मी घाबरले. नानी म्हणाली, अगं बीबी मरियम आपलीपण आहे, कुराणात तिच्या नावाची अख्खी सूरा आहे, एकोणिसावी. मग तिने मला ती वाचून दाखवली, रोज थोडी थोडी. म्हणजे मरियमची सूरा मी सिस्टरांच्या मेहेरबानीने लवकर शिकले 😄
बुधवारी मात्र शाळा सुटल्यावर चालायला जागा नसायची, चर्चमधल्या नोव्हेनाची, दर बुधवारच्या प्रार्थनेची गर्दी. 1948 पासून चालू आहे तो, आणि रांगेत निम्म्या बायका मंगळसूत्रवाल्या.

अंगारा
ॲश वेन्सडेला शाळेच्या चॅपलमध्ये रांग लागली होती, मी दुसरीत, मित्र उभा म्हणून मीपण उभा. फादरनी कपाळावर राखेचा क्रॉस काढला. घरी आल्यावर आजीने विचारलं अंगारा कुठला रे? म्हटलं चर्चचा. मागच्या वर्षीच्या पाम संडेच्या झावळ्या जाळून करतात असं मित्राने सांगितलेलं ते मी तिला सांगितलं. तिने बोट लावून स्वतःच्या कपाळाला लावलं आणि विषय संपला.
कम्युनियनच्या रांगेत घुसलो तेव्हा मात्र फसलो, फादरनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला फक्त. मला वाटलं प्रसाद संपला. मित्राने नंतर सांगितलं विशेष काही नसतं रे, आईस्क्रीमच्या कोनासारखं लागतं.

निवृत्त मिस
1981 ला लागले, लालबाग-परळची मुलं असायची. मी देशस्थ, मंगळागौर जागवणारी, आणि पुढची सत्तावीस वर्षं रोज माईकवर आवर फादर सांगितला. मला कुणी बाप्तिस्मा घे म्हटलं नाही. 48 च्या वर्गात 9 कॅथलिक. पहिल्या शुक्रवारी ते मासला, चर्चमधल्या प्रार्थनेला जायचे आणि उरलेले 39 माझ्याकडे बघत बसायचे की आम्हाला का नाही.
आमच्या हेडमिस्ट्रेस सिस्टरची एक पद्धत होती, प्रार्थनेआधी विचारायचं, आज कुणासाठी? मुलं हात वर करायची. माझ्या मांजरीसाठी, आजोबांच्या मोतीबिंदूसाठी. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला आणि मग निम्मे हात एकाच गोष्टीसाठी, बाबांची मिल सुरू होऊ दे. रोज. सिस्टर रोज म्हणायच्या, चला, मिलसाठी. पावसाळ्यानंतर एकेक हात कमी व्हायला लागला. काही मुलं गावी गेली, काहींनी नुसतंच विचारणं सोडलं. एक मुलगा शेवटपर्यंत करायचा हात वर, मग त्यानेही मांजरीचं नाव घ्यायला सुरुवात केली, त्याच्याकडे मांजर नव्हती.
सक्तीचा मुद्दा कुणी काढेल म्हणून लिहून ठेवते, घटनेच्या कलम 28 प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला पूजा-प्रार्थनेला बसवता येत नाही. आमच्याकडे एका पालकांनी लिहून दिलं होतं, त्यांचा मुलगा तेवढा वेळ लायब्ररीत बसायचा, आणि बाकीच्यांना त्याचा प्रचंड हेवा. आता तर 2024 मध्ये कॅथलिक बिशपांच्या कॉन्फरन्सनेच आपल्या शाळांना सांगितलंय, इतर धर्माच्या मुलांवर आपल्या परंपरा लादू नका, असेंब्लीत घटनेची उद्देशिका म्हणा.

दादर पश्चिम
मिस, त्या मुलाचं पुढे काय झालं?

निवृत्त मिस
पाचवीला शाळा बदलली. एवढंच माहीत आहे.

कलिना
26 जुलै 2005, दुसरीत. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला तो दिवस. आमची दुपारची शाळा, पाणी ग्राउंडवर आलं, मग पायऱ्यांवर, मग आम्हाला वरच्या मजल्यावर नेलं. साठ-सत्तर मुलं राहिली होती, लाईट गेलेली, फोन बंद. वॉचमन काकांनी कुठूनतरी ग्लुकोज बिस्किटं आणली, प्रत्येकी तीन. रडारड सुरू झाली तशी सिस्टरने रोझरी काढली. ती अंधारात चमकणारी हिरवट प्लास्टिकची माळ मिळते ना, ती. टॉर्चसमोर धरायची म्हणजे परत चमकते. सिस्टर म्हणाली माळ ज्याच्या हातात तो हेल मेरी म्हणेल, मग पुढच्याला द्यायची. ज्याला येत नाही त्याने आपलं काय येतं ते म्हणायचं. अख्ख्या माळेत 53 असतात हेल मेरी. आमच्या फेरीत त्यातल्या तीसेक झाल्या असतील, बाकी गायत्री मंत्र, एक अल्हम्दु, एक शीख मुलगा होता त्याचं काहीतरी लांबलचक, आणि एकीने सातचा पाढा म्हटला कारण तिला दुसरं काही आठवेना. सिस्टरने त्यालाही आमेन म्हटलं. मण्यावर बोट ठेवलेलं असायचं तेवढा एकच हिरवा ठिपका झाकला जायचा, त्यावरून कळायचं माळ कुणाकडे आहे. माझे बाबा पहाटे छातीभर पाण्यातून आले तेव्हा मी झोपले होते, माळ माझ्या मुठीत. परत केली नाही. अजून आहे, आता चमकत नाही.

धागाकर्ती
वाचतेय सगळं, रात्री परत निवांत वाचणार. सध्या वेगळंच संकट. शाळेतल्या नाताळच्या क्रिबमधल्या (येशूजन्माचा देखावा) गवतासाठी घरून धान रुजवून आणायचंय, डायरीत लिहून दिलंय. सासूबाई खूश, म्हणाल्या हे तर आपल्या घटासारखंच, मला येतं, आणि परातीत माती घालून गहू पेरून बाल्कनीत ठेवले. आज सकाळी बघतो तर कबुतरांनी अर्धे खाल्लेत. बावीस तारखेला न्यायचंय. वेळ आहे का?

गोराईचा
आठ-दहा दिवस लागतात, आजच पेरा. आमच्याकडे नाचणी घालतात, बारीक आणि दाट येते. आणि वर टोपली उपडी घाला.