मदत हवी आहे: गोवराच्या लसीची सक्ती ग्रामसभेत मांडावी का?

नमस्कार मंडळी. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, मी ग्रामपंचायत सदस्य. वेचणीच्या दिवसांत बाया सकाळीच वावरात जातात, लसीच्या दिवशी अंगणवाडीत निम्मी लेकरं दिसत नाहीत. आशाताई दोन-दोन चकरा मारतात बिचाऱ्या. वरून एक काका म्हणतात, "तुमच्या पोरायले लस देली ना? मंग आमच्यानं तुमाले काहून तरास?"

धनुर्वातापुरतं काकांचं बरोबर आहे, तो माणसाकडून माणसाला लागतच नाही. पण गोवर? एका रोग्यापासून लस न घेतलेल्या १२ ते १८ जणांना होऊ शकतो, म्हणून ९५ टक्के लेकरांचे दोन्ही डोस व्हावे लागतात. पहिला डोसच ९ महिने झाल्यावर. माझी नात ७ महिन्यांची. तिला आडोसा शेजारच्या लेकरांचाच.

काही जण म्हणतात ठराव घ्या, लस नाही तर दाखला नाही. मला पटत नाही, गरिबाचंच काम अडेल. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये कोविडच्या प्रकरणात सांगितलं, जबरदस्तीनं लस देता येत नाही, पण लोकांच्या आरोग्यासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकतं. मग ग्रामसभेला तो अधिकार आहे का? काकांना समजवायचं कसं? आणि कुणी संध्याकाळचं लसीकरण लावून घेतलं असेल तर अर्ज कोणाकडे केला, तेही सांगा.